सनद परत मिळेल, अशिलाच्या पैशांचं काय?

अमुक वकिलाची सनद बार कौन्सिलने निलंबित केली, अशी बातमी सोसायटीत फिरते. काही महिने त्याच्या ऑफिसचं शटर बंद दिसतं. पुढे एक दिवस तोच बोर्ड पुन्हा लागतो आणि बाहेरच्या बाकड्यावर नवी माणसं बसलेली दिसतात. ज्यांचे पैसे किंवा कागद त्याच्याकडे अडकलेले असतात, ते चिडून विचारतात की याला पुन्हा वकिली करू दिलीच कशी? बाकड्यावरच्या नव्या माणसाला आधीचं काहीच ठाऊक नसतं, त्यामुळे त्याला हा प्रश्न पडतही नाही.

सुरतेच्या गोडादरा, लिंबायत, डिंडोली, उधना या पट्ट्यातल्या खानदेशी माणसाला हा विषय जरा जास्तच लागू आहे. घरात मराठी किंवा अहिराणी आणि अठवालाइन्सच्या जिल्हा न्यायालयातले कागद गुजरातीत, अशी त्याची स्थिती. प्लॉटचं बानाखत (विक्रीचा करार), कपडा मार्केटमधला परत आलेला चेक, लूमवर बोटं गेली त्याची भरपाई ही कामं सुरतेत. आणि भावाभावांच्या वाटणीचा दावा तिकडे नंदुरबार किंवा अमळनेरला. दोन राज्यांत दोन वकील, आणि स्वतः वाचून खात्री करावी असा कागद हाती क्वचितच. वकील सांगेल तीच तारीख आणि तोच कायदा. अशा माणसाचा वकील निलंबित झाला की त्याच्या पायाखालची जमीन सरकते. म्हणून वकिलाला सनद परत मिळावी का, हा प्रश्न इथे अशिलाच्या बाजूने बघू.

आधी एक घोळ दूर करायला हवा. 'सनद सस्पेंड आहे' या वाक्याचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात. एखाद्याने एलएलबी करून सनद घेतली आणि नंतर पगाराची पूर्णवेळ नोकरी धरली, तर नियमानुसार त्याने बार कौन्सिलला कळवून, मूळ प्रमाणपत्र जमा करून वकिली थांबवायची असते. ही स्वेच्छेची स्थगिती. तिच्यात कलंक काही नाही. नोकरी सोडल्यावर त्याने राज्य बार कौन्सिलच्या सचिवांकडे अर्ज करायचा. मधल्या काळात वकील होण्यास अपात्र ठरवणारं काही घडलं आहे का, हे सांगणारं प्रतिज्ञापत्र जोडायचं, मग नोंदणी समिती परवानगी देते. गोडादऱ्यातला एखादा तरुण अशा वाटेने परत येत असेल तर त्याच्याकडे संशयाने बघण्याचं कारण नाही.

दुसरा अर्थ शिक्षेचा. अधिवक्ता अधिनियम १९६१ च्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलची शिस्तपालन समिती तक्रार फेटाळू शकते, वकिलाला ताकीद देऊ शकते, ठरावीक मुदतीसाठी निलंबित करू शकते किंवा त्याचं नाव यादीतून कायमचं काढू शकते. निलंबनाच्या काळात भारतातल्या कुठल्याही न्यायालयासमोर, अधिकाऱ्यासमोर किंवा व्यक्तीसमोर वकिली करता येत नाही आणि प्रमाणपत्र परत मागवलं जातं. 'मी कोर्टात उभा राहत नाही, फक्त नोटिसा तयार करून देतो' ही पळवाट चालत नाही. सल्ला देणं आणि मसुदे करणं हीसुद्धा वकिलीच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये परदेशी वकिलांच्या प्रकरणात स्पष्ट केलं. अधिकार नसताना न्यायालयात किंवा अधिकाऱ्यासमोर वकिली केली तर कलम ४५ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ज्युनिअरच्या नावाने वकीलपत्र आणि मागे सूत्रं निलंबित साहेबांच्या हाती, असा प्रकार दिसला तर त्यापासून लांब राहिलेलं बरं.

आता अडचण बघा. मुदत संपल्यावर निलंबित वकिलाने काय सिद्ध करायचं? कायद्याचं उत्तर आहे की काहीच नाही. शिक्षा भोगून झाली, अधिकार परत आला. तो सुधारला का, ज्याचे पैसे घेतले त्याला परत केले का, हे विचारणारी सुनावणी या अधिनियमात नाही. अमेरिकेच्या बार असोसिएशनच्या नमुना नियमांत सहा महिन्यांपेक्षा मोठ्या निलंबनानंतर वकिलाला परत येण्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि आपली लायकी दाखवावी लागते. तिथल्या राज्यांत वकिलाने लुबाडलेल्या अशिलांना भरपाई देणारे निधीही आहेत. आपल्याकडे २००१ चा कायदा वकिलांच्या कल्याण निधीसाठी आहे. फसलेल्या अशिलासाठी त्या तोडीचं काही नाही, हे मला फार खटकतं.

तरी आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने एकदा वेगळी वाट काढून दाखवली होती. १९७८ चं रंगादुराई विरुद्ध गोपालन हे तामिळनाडूचं प्रकरण. ऐकू न येणारा एक वयोवृद्ध माणूस आणि एक वृद्ध बाई, दोघांनी वचनचिठ्ठ्यांवर पैसे दिले होते आणि ते वसूल करायचे होते. वकिलाने कोर्ट फीचे पैसे घेतले, दावे दाखलच केले नाहीत, आणि ते दाखल झाले आहेत असं भासवत राहिला. तोवर वसुलीची मुदत निघून गेली. राज्य बार कौन्सिलने त्याला सहा वर्षांसाठी निलंबित केलं, बार कौन्सिल ऑफ इंडियाने शिक्षा एका वर्षावर आणली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे प्रकरण आलं तेव्हा त्यांनी विचार केला तो असा, की वकील घरी बसल्याने त्या म्हाताऱ्याला काय मिळालं? त्यांनी वकिलाला फसलेल्या अशिलाला पैसे द्यायला लावले आणि ठरावीक काळ विधी साहाय्य मंडळाच्या देखरेखीखाली गरिबांचे खटले फुकट चालवायची अट घातली. त्याच पीठावरचे न्यायमूर्ती ए. पी. सेन यांनी मात्र आपली शंका नोंदवली: कायद्यात न लिहिलेली शिक्षा न्यायालय अशी नव्याने रचू शकतं का?

सेन यांची शंका कायद्याच्या अंगाने रास्त आहे. पण मला अय्यर यांची वाट पटते. पैशाच्या अफरातफरीत निलंबित झालेल्या वकिलाने आधी अशिलाची पै न् पै आणि कागद परत करावेत, मग काही काळ कुणाच्या तरी नजरेखाली काम करावं, आणि त्यानंतर सनद घ्यावी. कॅलेंडरवरची दोन वर्षं उलटली म्हणून माणूस विश्वासू होत नाही.

कायदा ही अट आपणहून घालत नाही, म्हणून अशिलाने ती मागून घ्यायची. तक्रार करताना लोक सहसा एवढंच लिहितात की 'यांची सनद रद्द करा'. राग समजण्यासारखा आहे. त्याबरोबर दिलेली रक्कम, ती कोणत्या तारखेला आणि कशासाठी दिली, कोणते मूळ कागद त्यांच्या ताब्यात आहेत, हे सगळं नोंदवा आणि ते परत मिळावं असंही स्पष्ट मागा. पैसे प्रत्यक्ष वसूल करायला वेगळा दिवाणी दावा लागू शकतो, पण बार कौन्सिलच्या कागदावर ही गोष्ट आली की शिक्षा ठरवताना ती नजरेआड करणं अवघड जातं. शिवाय व्यवहारात असं घडतं की तक्रार गेली की वकिलाकडून निरोप येतो: पैसे घे, तक्रार मागे घे. पैसे जरूर घ्या, पावतीही द्या. मात्र तुम्ही तक्रार मागे घेतली किंवा आपसात मिटवलं एवढ्यावरून प्रकरण बंद करू नये, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचाच नियम आहे. त्यामुळे 'मिटवलं तरच पैसे' या दबावाखाली खोटं प्रतिज्ञापत्र देऊ नका. तसं केल्याने तुम्हीच अडचणीत याल.

तक्रार कुठे करायची, यात सुरतेतल्या मराठी माणसाची हमखास गफलत होते. वकील ज्या राज्याच्या यादीवर आहे, त्या राज्याची बार कौन्सिल. कोर्ट कुठे आहे याला महत्त्व नाही. सुरतेचा वकील गुजरातच्या यादीवर असेल तर तक्रार अहमदाबादला, नंदुरबारचा महाराष्ट्राच्या यादीवर असेल तर मुंबईला, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे. वकीलपत्रावर नोंदणी क्रमांक असतो, त्यावरून राज्य आणि वर्ष कळतं. भाषेचंही तसंच. तक्रार इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या राज्याच्या राजभाषेत चालते. म्हणजे मुंबईला मराठीतून लिहा, अहमदाबादला गुजराती किंवा हिंदीतून. तक्रार अर्जाच्या स्वरूपात, सही आणि सत्यापनासह हवी. साधं पत्र किंवा व्हॉट्सअॅपचा मजकूर पुरत नाही.

ग्राहक मंचात जायचा सल्ला अजूनही काही जण देतात. तो दरवाजा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये बंद केला: वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात मोडत नाही. पैशांची लबाडी असेल तर पोलिसांत फिर्याद आणि दिवाणी न्यायालयात दावा हे मार्ग मात्र बार कौन्सिलच्या तक्रारीसोबतच खुले आहेत. एकासाठी दुसऱ्याची वाट बघत बसू नका.

किती वेळ लागतो? कायदा म्हणतो एक वर्ष. त्यात राज्य कौन्सिलने निकाल दिला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतं. ही मुदत गांभीर्याने पाळा, असं सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा बजावावं लागलं, यावरून काय ते समजावं. निकालाविरुद्ध साठ दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि तिथून पुढे साठ दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येतं. हे अपील वकिलाइतकंच तक्रारदारालाही करता येतं.

ते करून काय होतं, याचा नमुना पुण्याचा आहे. एन. जी. दास्ताने यांची तक्रार अशी होती की साक्षीदार न्यायालयात हजर असताना समोरच्या बाजूचे वकील खोटी कारणं सांगून तारखा वाढवत राहिले. राज्य कौन्सिलने तक्रार दाखल करून घेण्याजोगी मानली नाही, बार कौन्सिल ऑफ इंडियानेही तेच केलं. दास्ताने सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००१ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की साक्षीदाराला ताटकळत ठेवण्यासाठी तारखा मागणं हे गैरवर्तन आहे, चौकशी व्हायलाच हवी. मुंबईचं दाभोलकर प्रकरण याच्या उलट अंगाने गेलं. फौजदारी न्यायालयाच्या आवारात येणाऱ्या अशिलांवर वकील झडप घालत, त्यांना ओढत, अशा आरोपांवरून महाराष्ट्राच्या कौन्सिलने तीन वर्षांचं निलंबन केलं होतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्यांना मोकळं सोडलं, तेव्हा राज्य कौन्सिलच अपिलात गेली. तिला तो अधिकार आहे, असं सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९७५ मध्ये ठरवलं आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकारे अशील पकडणं हे गैरवर्तन मानलं. पोलीस ठाण्याबाहेर 'आपला वकील आहे, लगेच जामीन' म्हणत येणारे दलाल बघितले की हे प्रकरण आठवतं. दलालातर्फे आलेला वकील टाळाच.

एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या. खटला हरणं हे गैरवर्तन नाही. चुकलेला युक्तिवाद किंवा साधा हलगर्जीपणाही बहुतेक वेळा सनद घालवायला पुरत नाही. त्यामागे अप्रामाणिकपणा दिसावा लागतो, आणि तो भक्कम पुराव्याने सिद्ध करावा लागतो. न्यायाधीश भर कोर्टात वकिलावर संतापले म्हणून सनद जात नाही. पूर्वी मात्र, १९९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने वकील विनयचंद्र मिश्रा यांना न्यायालयाच्या अवमानासाठी तीन वर्षं निलंबित केलं होतं, आणि हे मिश्रा त्या वेळी बार कौन्सिल ऑफ इंडियाचेच अध्यक्ष होते. १९९८ मध्ये घटनापीठाने सांगितलं की अवमानाच्या प्रकरणात न्यायालयाने सनद निलंबित करायची नसते, ते काम बार कौन्सिलचं.

आता सर्वांत निकडीचं. तुमचा दावा सुरू असताना वकील निलंबित झाला, तर बार कौन्सिलचं नंतर बघा, आधी खटला सावरा. दाव्याची पुढची तारीख वकिलाला विचारायची गरज नाही. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस या मोफत ॲपवर खटल्याचा सोळा अंक-अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की तारीख, टप्पा, आदेश, वकिलाचं नाव सगळं दिसतं. क्रमांक नसेल तर पक्षकाराच्या नावानेही शोधता येतं. मग लेखी पत्र देऊन फाइल मागा. 'फी बाकी आहे, फाइल देणार नाही' असं उत्तर आलं तर घाबरू नका. आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आहे की फीसाठी अशिलाची फाइल अडवून ठेवता येत नाही. फीचा वाद वेगळा, त्यासाठी वकिलाने दावा करावा. फाइल मिळेपर्यंत न्यायालयातून नकला काढायला अर्ज करा, नव्या वकिलाचं वकीलपत्र दाखल करा आणि पुढच्या तारखेला स्वतः हजर राहा.

मुदतीची घड्याळं वकिलाच्या निलंबनाने थांबत नाहीत. चेक न वटल्याचं बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे. ती मिळाल्यावर समोरच्याला पंधरा दिवस, आणि ते संपल्यापासून एका महिन्यात तक्रार. जिल्हा न्यायालयातलं दिवाणी अपील तीस दिवसांचं. वकिलाच्या चुकीची शिक्षा निरपराध अशिलाला नको, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या रफिक विरुद्ध मुन्शीलाल प्रकरणात म्हटलं आहे आणि विलंब माफीचा अर्ज करता येतो. पण मधल्या काळात तुम्ही स्वतः काय केलं, हे न्यायालय विचारतंच. म्हणून वकिलाला पाठवलेल्या प्रत्येक निरोपाची नोंद जपा.

दुसऱ्या वकिलाला द्यायला पैसे नाहीत, ही अडचण खरी असते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कोठडीत असलेले आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. लूमवर काम करणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे?

गोडादऱ्यातल्या वकील मित्रांसाठी थोडं. निलंबनाचा आदेश आला तर साठ दिवसांत अपील करा, पण नुसत्या अपिलाने आदेश थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. ती मिळेपर्यंत ऑफिस उघडं ठेवू नका. चालू अशिलांना त्याच आठवड्यात लेखी कळवा आणि फाइली द्या. पैसे परत केल्याच्या पावत्या अपिलात तुमच्या भाषणापेक्षा जास्त उपयोगी पडतील. आणि शिस्तभंगाची कारवाई प्रलंबित असताना एका राज्याच्या यादीतून दुसऱ्या राज्यात नाव हलवता येत नाही, हे सुरत-धुळे करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

मग सनद परत द्यावी का? गुन्हा कोणता, यावर ते अवलंबून आहे. राजद्रोहाच्या शिक्षेनंतर नोव्हेंबर १९२२ मध्ये लंडनच्या इनर टेंपल या बॅरिस्टरांच्या संस्थेने गांधीजींचं नाव काढलं आणि ते १९८८ मध्ये परत घेतलं. श्यामजी कृष्ण वर्मांचं १९०९ मध्ये काढलं, २०१५ मध्ये परत घेतलं. सत्तेला नकोसं बोलल्याबद्दल गेलेली सनद ही चोरी नव्हे, ती परत द्यायला एवढा उशीर लागला हीच लाज. उलट खोट्या पदवीवर सनद घेतलेल्याला परत देण्याचा प्रश्नच नाही, ती त्याची कधी नव्हतीच. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर सुटकेनंतर दोन वर्षांनी नोंदणीची अपात्रता संपते. हा काळ मला अपुरा वाटतो. आजारपणात, कर्जात, दारूत कामं बुडवलेल्या वकिलाला मात्र परत येऊ द्यावं, त्याच्यावर एखाद्या ज्येष्ठाची नजर ठेवून. वकिलीशिवाय त्याला दुसरं काही येत नसतं, आणि त्याच्या घरीही पोरं असतात.

अशा परत आलेल्या वकिलाकडे काम द्यायचं ठरवलंत, तर संकोच न करता विचारा: निलंबन कशासाठी होतं, मुदत कधी संपली, आदेश दाखवता का? सरळ माणूस दाखवेल. वकीलपत्र गुजरातीत असेल तर गुजराती शाळेत शिकलेल्या मुलाकडून किंवा पुतणीकडून वाचून घ्या. कोऱ्या कागदावर सही नको, कोरा चेक नको, प्लॉटचा मूळ दस्तऐवज नको, झेरॉक्स द्या. फी आणि कोर्ट फी वेगवेगळ्या लिहून घ्या आणि पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या. दावा दाखल केला म्हणून त्यांनी सांगितलं की सीएनआर क्रमांक मागा आणि तो त्यांच्यासमोरच ॲपवर टाका. क्रमांक निघाला नाही तर दुसऱ्या दिवशी अठवालाइन्सला जाऊन दाखल शाखेत स्वतः चौकशी करा, आणि मुदत संपायला किती दिवस उरले आहेत तेही तिथूनच मोजा.